खोगीर शिवणारे उस्ताद आजारी पडलेत, मदत कशी उभी करायची?

घोड्यांच्या कामातली माणसं महाराष्ट्रभर विखुरलेली आहेत. पुण्या-मुंबईचे रेसवाले, माथेरान-महाबळेश्वरचे घोडेवाले, रायडिंग स्कूल चालवणारे, लग्नाला घोडी देणारे, सारंगखेड्याच्या यात्रेला दत्तजयंतीला हमखास भेटणारे शौकीन. यांचं एकमेकांशी रोजचं बोलणं नसतं, पण या सगळ्यांच्या घोड्यांच्या पाठीवर एकाच माणसाच्या हातची शिलाई असते असं बरेचदा असतं. नवीन खोगीर आता बहुतेक कानपूरहून येतं, पण ते घोड्याच्या पाठीला बसवून देणारा, आतलं भरण (लोकरीची गादी) बदलणारा, तुटलेला तंग (पोटाखालून बांधायचा पट्टा) आणि रिकिबीचा पट्टा रात्रीत शिवून देणारा उस्ताद इथलाच असतो, आणि आता असे किती राहिलेत ते तुम्हाला माहीत आहे.

आमच्याकडे असे एक चाचा आहेत. किडनीचा आजार निघाला, डायलिसिस सुरू झालं, आणि त्यांच्याकडे शिकलेली, त्यांच्याकडून काम करून घेतलेली आम्ही माणसं एकत्र आलो. त्यातून जे कळलं ते इथे लिहितोय, म्हणजे तुमच्याकडे अशी वेळ आली तर पहिले दोन आठवडे शोधाशोधीत जाऊ नयेत. खोगीरवाल्यांच्या अनुभवातून लिहिलंय पण कोल्हापुरी चपला करणारे, मिरजेचे तंतुवाद्यवाले, कोणत्याही हातकाम करणाऱ्या माणसासाठी यातलं बरंचसं चालेल.

आधी त्यांना विचारा, मग ग्रुप काढा

बातमी कळली की लोक लगेच व्हॉट्सअॅप ग्रुप काढतात, क्यूआर कोड टाकतात, आणि उस्तादांना हे तिसऱ्याच माणसाकडून कळतं. असं करू नका. ज्या माणसाने आयुष्यभर कष्टाचंच खाल्लं त्याला स्वतःच्या नावाने वर्गणी फिरतेय हे ऐकून काय वाटत असेल याचा विचार करा. जाऊन बसा, घरच्यांना सोबत घ्या, आणि तीन गोष्टी स्पष्ट विचारा. आजाराचं नाव लोकांना सांगितलेलं चालेल का, फोटो चालेल का आणि कुठला, आणि पैसे कोणाच्या खात्यात यायचे. आमचे चाचा म्हणाले, "बेटा चंदा नको, काम आणा." त्या एका वाक्यामुळे आमची पुढची सगळी आखणी बदलली.

फोटोबद्दल माझं मत ठाम आहे. नळ्या लावलेला, खाटेवरचा फोटो टाकू नका, त्याने दोन पैसे जास्त येत असतील तरी नको. रापी (चामडं कापायचं हत्यार) हातात घेऊन कामाला बसलेला फोटो टाका. ज्यांनी त्यांच्याकडून काम करून घेतलंय त्यांना तोच माणूस आठवतो आणि मदतही त्याच आठवणीतून येते. मुलं ऐकत नसतील, भावनेच्या भरात असतील, तरी उस्ताद नको म्हणाले तर नको, आजारी माणसाचं नाही म्हणणं पण पूर्ण नाहीच असतं.

पहिला पैसा देणगीचा नाही, उधारीचा

हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम वर घेतलंय. अशा प्रत्येक उस्तादाकडे एक वही असते, आणि त्या वहीत लोकांकडे थकलेले पैसे असतात. भरण बदललं, "पुढच्या वेळी देतो." दुमची (शेपटीखालून जाणारा पट्टा) नवीन लावली, "सीझन झाला की देतो." मोठमोठ्या तबेल्यांचीही नावं असतात त्यात आणि छोट्या घोडेवाल्यांचीही. चाचींना विचारून ती वही घ्या, ज्यांचा आकडा स्पष्ट आहे त्यांची यादी करा आणि एकेकाला फोन करा. ग्रुपवर नावं टाकायची नाहीत, कोणाची लाज काढायची नाही, फक्त एवढंच बोलायचं की चाचांची तब्येत बरी नाही, तुमच्याकडे अमुक रक्कम बाकी दिसतेय, या आठवड्यात जमेल का. बहुतेक लोक लगेच देतात, आणि वर "अजून काही लागलं तर सांगा" म्हणतात, ते शब्द लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतात.

याचा फायदा दुहेरी आहे. एक म्हणजे पैसा लगेच येतो, कुठल्या अर्जाची वाट बघावी लागत नाही. दुसरं म्हणजे हा पैसा त्यांचाच आहे, तो घेताना त्यांना मान खाली घालावी लागत नाही. ज्यांची खरंच ऐपत नाही, म्हणजे चार घोड्यांपैकी दोन विकून बसलेला माणूस, त्याला फोन करू नका किंवा केलाच तर पैशाचं काढू नका, तो एखाद्या दिवशी हॉस्पिटलला सोडायला येईल तेही भरपूर झालं.

चार माणसं पुरेत

कामाला चार माणसं बास. एक हॉस्पिटल आणि कागदपत्रं बघणारा, एक पैशाचा हिशोब ठेवणारा, एक लोकांशी बोलणारा, आणि एक घरचं बघणारा, म्हणजे डबा, गाडी, औषधं. पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये सगळे हात जोडलेल्या इमोजी टाकतात आणि सोमवारी डायलिसिसला कोण नेणार हे कोणालाच माहीत नसतं.

खातं उस्तादांच्या किंवा त्यांच्या पत्नीच्या नावाचं असावं, शक्यतो दोघांचं जॉइंट, दोघांपैकी कोणीही काढू शकेल असं, आणि नॉमिनी लावलेला. शिष्याच्या खात्यात पैसे गोळा करू नका, तो कितीही प्रामाणिक असला तरी. उद्या कोणी विचारलं तर उत्तर देताना त्याचाच जीव जातो. गूगल शीट करा, त्यात आलेली रक्कम, तारीख, खर्च, बिलाचा फोटो, आणि ज्याने दिले त्याचं नाव नको असेल तर फक्त "एक हितचिंतक". दर रविवारी संध्याकाळी शीटचा स्क्रीनशॉट ग्रुपवर. क्यूआर कोड फॉरवर्ड होत होत कोणीतरी बदलतो असे प्रकार होतात, म्हणून प्रत्येक मेसेजमध्ये लिहा की स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसलं तरच पैसे पाठवा, आणि खात्री करायला अमुक माणसाला फोन करा.

कागदपत्रं, म्हणजे खरा मोठा पैसा

वर्गणीतून लाखभर उभे करायला महिना जातो आणि एका कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार होऊ शकतात, म्हणून हा भाग कंटाळवाणा वाटला तरी सोडू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आता आयुष्मान भारतबरोबर एकत्र चालते आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. पूर्वी पिवळं-केशरी रेशनकार्ड लागायचं, आता महाराष्ट्रातल्या सगळ्या रेशनकार्डधारकांना घेतलंय. पण सगळ्या हॉस्पिटलमध्ये चालत नाही, योजनेत असलेल्याच हॉस्पिटलमध्ये, आणि ठरवून दिलेल्या उपचारांनाच. हॉस्पिटलच्या दारात आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनीसाचा, डेस्क असतो, ॲडमिट होताना पहिल्यांदा तिथे जायचं, बिल झाल्यावर नाही. बिल भरून मग योजनेतून परत मिळवू असा विचार असेल तर तो सोडा, तसं होत नाही. १५५३८८ या नंबरवर फोन करून जवळचं हॉस्पिटल विचारता येतं.

उस्तादांचं वय ७० किंवा वर असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, ऑक्टोबर २०२४ पासून सुरू आहे, उत्पन्नाची अट नाही, आधारकार्डावर होतं. आधारवरचं वय बघा मात्र. जुन्या माणसांच्या आधारवर १ जानेवारी आणि अंदाजे साल असतं, त्यात खरं वय ७२ आणि कागदावर ६८ असं निघतं, ती दुरुस्ती वेळखाऊ आहे म्हणून आजच सुरू करा.

मोठी धर्मादाय हॉस्पिटल असतात, ट्रस्टची, त्यांना मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकातल्या रुग्णांना सवलतीत ठेवाव्या लागतात. तिथे बिलिंग काउंटरवर भांडून काही होत नाही, मेडिकल सोशल वर्करला भेटायचं, तिथूनच फॉर्म मिळतो. उत्पन्नाची मर्यादा वेळोवेळी बदलते, त्या दिवशीची काय आहे ते त्यांनाच विचारा. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतोच लागतो, आणि तो सेतू किंवा महा-ई-सेवा केंद्रातून निघायला दिवस लागतात, म्हणून माझा सल्ला असा की निदान झालं त्याच आठवड्यात दाखल्याचा अर्ज टाकून मोकळं व्हा. हाच दाखला मुख्यमंत्री सहाय्यता निधीला लागतो, तिथे त्याबरोबर हॉस्पिटलचं खर्चाचं एस्टिमेट, रेशनकार्ड, आधार, रिपोर्ट असं सगळं जोडून जातं. सिद्धिविनायक मंदिर न्यासासारखे ट्रस्टही वैद्यकीय मदत देतात, त्यांचे अर्ज वेगळे पण कागद जवळजवळ तेच. एक फाईल करा, प्रत्येक कागदाच्या दहा झेरॉक्स, आणि सगळ्याचे स्कॅन दोघांच्या फोनमध्ये.

डायलिसिस असेल तर जिल्हा रुग्णालयात चौकशी कराच. केंद्राचा २०१६ पासूनचा डायलिसिस कार्यक्रम आहे, गरीब रुग्णांना मोफत होतं. आठवड्यातून दोनदा-तीनदा जायचं असतं, आणि हे महिनोन्महिने, त्यामुळे लांबच्या नावाजलेल्या हॉस्पिटलपेक्षा जवळचं आणि मोफत असलेलं सेंटर बरं, रिक्षाचाच खर्च केवढा होतो ते जोडून बघा.

घरखर्चासाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि ६५ च्या पुढच्यांना श्रावणबाळ योजना, महिन्याला १,५०० रुपये. कुटुंबाच्या उत्पन्नाची अट मात्र वर्षाला २१,००० अशी खूपच खाली आहे, बसत असतील तर तहसील कार्यालयात अर्ज करा. चर्मकार, ढोर, होलार, मोची समाजातले असतील तर संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात जाऊन या, १९७४ पासूनचं महामंडळ आहे, धंद्याचं कर्ज-अनुदान तिथे असतं, आणि ते उस्तादांपेक्षा त्यांच्या मुलाच्या किंवा मुलीच्या कामाला येतं. तसंच पीएम विश्वकर्मा, सप्टेंबर २०२३ पासूनची, १८ व्यवसायांमध्ये चर्मकार आहेत, अवजारांना १५,००० पर्यंत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख मग २ लाख कर्ज. घरातल्या एकाच माणसाला मिळते, म्हणून आजारी माणसाच्या नावाने न घेता दुकान पुढे चालवणाऱ्याच्या नावाने घ्या. आणि उस्तादांना हस्तकलेचा राष्ट्रीय किंवा राज्य पुरस्कार कधी मिळालेला असेल तर केंद्राच्या हस्तकला आयुक्तालयाकडून हलाखीतल्या वृद्ध पुरस्कारप्राप्त कारागिरांना दरमहा मदत असते, जुनं प्रमाणपत्र ट्रंकेतून शोधून काढा.

मेसेज कसा लिहायचा

लांबलचक, रडका मेसेज कोणी वाचत नाही. चार गोष्टी हव्यात, कोण, काय झालंय, किती लागणार आणि कशाला, आणि वाचणाऱ्याने नेमकं काय करायचं. आम्ही लिहिला तो साधारण असा होता, तुमच्याप्रमाणे बदला:

"नमस्कार. ज्यांनी तुमच्या-आमच्या घोड्यांची खोगिरं इतकी वर्षं शिवली ते आपले चाचा सध्या डायलिसिसवर आहेत. हॉस्पिटलचा बराचसा खर्च सरकारी योजनेतून होतोय. येण्याजाण्याचं, औषधांचं आणि घरखर्चाचं मिळून महिन्याला अमुक रुपये कमी पडतायत, ते पुढचे सहा महिने उभे करायचे आहेत. तीन प्रकारे मदत करता येईल. तुमच्याकडे त्यांचे पैसे बाकी असतील तर ते द्या. खोगिराचं काम असेल तर त्यांच्या दुकानात टाका, त्यांच्या देखरेखीखाली त्यांचे शिष्य करतायत. किंवा महिन्याला जमेल तेवढी रक्कम ठरवा. हिशोब दर रविवारी. हा मेसेज चाचांना वाचून दाखवला आहे आणि त्यांची संमती आहे."

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. आणि "बराचसा खर्च योजनेतून होतोय" हे लपवू नका, काही जण म्हणतात असं लिहिलं तर लोक देणार नाहीत, मला ते पटत नाही. खरं लिहिलं की सहा महिन्यांनी परत मागायला तोंड राहतं.

खाली दोन-चार ओळी शिष्यांच्या घाला, स्वतःच्या शब्दात. "उस्ताद महान आहेत" असलं नको. एकीने आमच्याकडे लिहिलं होतं की चाचांनी तिला पहिला महिनाभर फक्त दोऱ्याला मेण लावायला आणि दोन सुयांनी एकसारखा टाका घालायलाच बसवलं, आणि आज तिच्या स्वतःच्या दुकानात ती नव्या मुलांना तेच करायला लावते. दुसऱ्याने लिहिलं की घोड्याच्या पाठीवरची जखम बघून चाचांनी त्याच्याकडून एक पैसा न घेता भरण काढून परत भरून दिलं, आणि सांगितलं की खोगीर ठेवल्यावर मानेमागच्या उंचवट्यावर दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत, नाही गेली तर स्वार कितीही चांगला असू दे, घोडा दुखावणारच. हे वाचून अनोळखी माणसं पुढे आली.

कोणाला कधी विचारायचं

आपल्या लोकांच्या हातात पैसा कधी असतो हे बघून विचारा. माथेरानच्या घोडेवाल्यांना पावसाळ्यात विचारू नका, नेरळहून वर येणारी गाडी पावसात बंद असते, पर्यटक कमी, घोड्यांचा चारा सांभाळतानाच त्यांचे हाल असतात. दिवाळीनंतर किंवा मे महिन्यात विचारा. लग्नाला घोडी देणाऱ्यांना लग्नसराई संपताना. रेसच्या लोकांचं उलटं, पुण्याचा सीझन साधारण जुलै ते ऑक्टोबर आणि मुंबईचा नोव्हेंबर ते एप्रिल, ट्रेनर, जॉकी, सईस (घोड्यांची निगा राखणारे) सगळे त्याप्रमाणे हलतात, तर जिथे सीझन चालू आहे तिथे सकाळच्या ट्रॅकवर्कनंतर, म्हणजे घोड्यांच्या सरावानंतर, जाऊन भेटा. सईसांकडे पैसे मागायला जाऊ नका, पण त्यांना बातमी द्या जरूर. कुठल्या मालकाकडे कुठलं खोगीर फाटलंय हे त्यांनाच माहीत असतं आणि काम तिथूनच येतं.

रायडिंग क्लबना देणगी मागण्यापेक्षा एखाद्या शोची एन्ट्री फी, किंवा तिच्यातला हिस्सा, मागा. त्यांना ते द्यायला सोपं जातं. सारंगखेड्याला तापीकाठी यात्रेत देशभरातून घोडे येतात, तिथे शिष्यांनी म्होरक्या (घोड्याच्या तोंडावर बांधायचे पट्टे), लगामी, पट्टे घेऊन एक छोटा स्टॉल लावला तर विक्रीही होते आणि पुढच्या ऑर्डरीही.

लिलाव चांगला चालतो. शिष्यांनी प्रत्येकी एक वस्तू द्यायची, बेल्ट, कुत्र्याचा पट्टा, म्होरकी, चामड्याची पिशवी, व्हॉट्सअॅपवर फोटो, मूळ किंमत, रात्री नऊपर्यंत बोली. लकी ड्रॉची तिकिटं विकू नका, तो लॉटरीच्या कायद्यात जाऊ शकतो आणि चांगल्या कामाला उगाच कटकट लागते. दारोदार पावतीपुस्तक घेऊन फिरणार असाल तर धर्मादाय कार्यालयात आधी विचारून या, गणपती मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात तीच इथेही लागू शकते.

दुकान बंद पडू देऊ नका

माझ्या मते सगळ्यात मोठी मदत हीच आहे. दुकानाला कुलूप लागलं की महिन्याभरात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं आणि मग पैसे गोळा करून करून किती करणार. शिष्यांनी वार वाटून घ्या, अडकलेल्या ऑर्डरी आधी पूर्ण करा. मजुरी पूर्ण घ्या, "चॅरिटी आहे" म्हणून कमी-जास्त काही नको, चामडं-दोऱ्याचा खर्च वजा करून बाकी घरात. आमच्याकडे डायलिसिस नसलेल्या दिवशी चाचा दुकानात खुर्चीवर येऊन बसायचे, हातात काही न घेता फक्त बघायचे, आणि एखादा टाका वाकडा गेला की लांबून सांगायचे. त्यांच्या तब्येतीला कशाने काय झालं ते मी डॉक्टर नाही, पण त्या दिवशी ते नीट जेवायचे असं चाची म्हणायच्या.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. डायलिसिससाठी हाताला फिस्टुला करतात, म्हणजे शीर जोडून मोठी करतात, साधारणपणे जो हात कमी वापरात असतो त्याला. पण खोगीर शिवणाऱ्याचे दोन्ही हात सारखेच वापरात असतात, दोन सुया, दोन्ही हातांनी दोरा खेचून आवळायचा. म्हणून ऑपरेशनच्या आधीच डॉक्टरांना सांगा की हा माणूस काय काम करतो, हाताने करून दाखवा त्यांना. फिस्टुलाच्या हाताने जड उचलायचं नाही, त्यावर दाब द्यायचा नाही, घट्ट कडं-घड्याळ नको, बीपीचा पट्टा त्या हाताला बांधू द्यायचा नाही. परत कामाला बसायचं असेल तर कधी आणि किती, हे डॉक्टरच ठरवतील, शिष्यांनी उत्साहात आरी हातात देऊ नये. आणि दुकानात चिकटवायचं सोल्युशन उघडं ठेवत असाल तर ते आता बंद, खिडक्या उघड्या, डबा झाकलेला, त्यातले वास कोणाच्याच तब्येतीला चांगले नसतात.

घरचं

भेटायला येणारा प्रत्येक जण नारळपाणी आणि केळी घेऊन येतो. किडनीच्या पेशंटला हे धोक्याचं असू शकतं, पोटॅशियम वाढतं आणि त्याने हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पाणीसुद्धा मोजून असतं. डबा देणाऱ्यांनी आधी हॉस्पिटलच्या डाएटिशियनचा कागद घ्या, त्याचा फोटो ग्रुपवर पिन करा, आणि येणाऱ्यांना सांगा की काही आणायचंच असेल तर चाचींसाठी किराणा आणा. चाचींना कोणी विचारत नाही हे सगळीकडे बघितलंय. डायलिसिसला चार तास बाहेर बाकावर त्याच बसलेल्या असतात. एक बाई किंवा मुलगी त्यांच्यासोबत असावी, त्यांचं स्वतःचं बीपी-शुगर तपासून घ्यावं, आणि बँकेचे व्यवहार, एटीएम, यूपीआय हे त्यांना हळूहळू शिकवून ठेवावं.

फरमे आणि मोजमापं

हे बोलायला अवघड आहे पण लांबवू नका. उस्तादांच्या डोक्यात जे आहे ते कागदावर, व्हिडिओवर यायला हवं, त्यांची इच्छा असेल तरच, आणि त्यांच्या सवडीने, एकावेळी अर्धा तास. भिंतीवर टांगलेले फरमे (चामडं कापायचे नमुने) कशाकशाचे आहेत ते प्रत्येकावर लिहून घ्या. कुठलं चामडं कशाला, पट्ट्याला जनावराच्या पाठीकडचं का आणि पोटाकडचं का नाही, हिरडा-बाभळीने कमावलेलं कातडं कुठे मिळतं, भरणाला लोकर किती आणि कुठे घट्ट, कुठे सैल. आतलं ट्री, म्हणजे खोगिराचा सांगाडा, तुटलंय हे बाहेरून कसं ओळखायचं. फोन स्टँडवर लावा, हात दिसले पाहिजेत, चेहरा नसला तरी चालेल. हे व्हिडिओ कोणाचे, कोणी वापरायचे, पैसे मिळाले तर कोणाला, हे आधीच एका कागदावर लिहून त्यांची आणि घरच्यांची सही घ्या. एका दिवसाचं शिलाईचं वर्कशॉप ठेवून त्याची फी घरात देणं हेही छान होतं, शहरातली चामड्याचं काम शिकू पाहणारी बरीच मुलं येतात.

क्राउडफंडिंग, टॅक्स, परदेशातले लोक

मिलाप, केटो, इम्पॅक्टगुरू या साइट्स आहेत. माझं मत असं की मोठं ऑपरेशन, ट्रान्सप्लांट, एकदम मोठी रक्कम असेल तर तिथे जा, महिन्याच्या खर्चाला आपलीच माणसं बरी. फी किती कापतात आणि पैसे थेट हॉस्पिटलला जातात का ते सुरू करण्याआधी वाचा. ट्रान्सप्लांटचं निघालं तर किडनी कोण देणार हा निर्णय घरच्यांचा आणि डॉक्टरांचा, ग्रुपवर त्याची चर्चा होऊ देऊ नका, "डोनर मिळवून देतो" म्हणणाऱ्याला तर उभंच करू नका, पैसे देऊन अवयव घेणं गुन्हा आहे.

टॅक्सचं थोडक्यात, नातेवाईक नसलेल्या लोकांकडून एका वर्षात सगळे मिळून ५०,००० च्या वर पैसे आले तर ते उत्पन्नात धरले जातात. शेवटी टॅक्स लागेल असं नाही पण एकदा सीएला दाखवा, आपल्या घोडेवाल्यांत कोणीतरी सीए असतोच. देणाऱ्याला देणगीवरची टॅक्सची सूट (८०जी) हवी असेल तर ती माणसाच्या खात्यात दिल्यावर मिळत नाही, नोंदणीकृत ट्रस्टमार्फतच मिळते. हॉस्पिटलचं मोठं बिल असेल तर थेट हॉस्पिटलला भरायला सांगा, हॉस्पिटलसाठी यूपीआयची मर्यादा ५ लाखांपर्यंत आहे, पावती घ्या.

परदेशात गेलेले आपले रायडर, जुने गिऱ्हाईक पैसे पाठवायला तयार असतात. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलं तर प्रश्न येत नाही. ज्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलंय, ओसीआय कार्ड असलं तरी, त्यांचा पैसा विदेशी योगदान कायद्यात येतो, ते उस्तादांचे जवळचे नातेवाईक नसतील तर तो थेट खात्यात घेऊ नका. त्यांना खोगिराची, लगामाची ऑर्डर द्यायला सांगा. काम, बिल, पैसे, सरळ व्यवहार.

तीन महिन्यांनंतर

सुरुवातीला सगळे येतात, तिसऱ्या महिन्यात ग्रुप शांत होतो, आणि डायलिसिस तर चालूच असतं. म्हणून पहिल्याच महिन्यात, लोक मनाने जवळ असताना, एकरकमी मागण्यापेक्षा दर महिन्याची छोटी रक्कम ठरवून घ्या, पाचशे का असेना, आणि बँकेत ऑटो पे लावून घ्या. गाडीची ड्युटी महिन्याच्या सुरुवातीलाच लिहून टाका. दर रविवारचा हिशोब चुकवू नका, त्यात एखादी चांगली बातमी पण असू दे, चाचा आज दुकानात तासभर बसले, तंगाची मोठी ऑर्डर आली, एवढीच.

पैसे उरले तर काय करायचं हे सुरुवातीलाच लिहून ग्रुपवर टाका, आणि तेही उस्तादांना विचारूनच. चाचांनी सांगितलंय की उरले तर त्यांच्याच लायनीतल्या पुढच्या आजारी कारागिराला द्या, आणि दुकानातलं जुनं शिलाई मशीन दुरुस्त करून शिकणाऱ्या मुलीच्या नावाने करा. शीटच्या सगळ्यात वर ते तसंच लिहून ठेवलंय, तारखेसकट.